हौद, नळ आणि लोंढा



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी साठच्या दशकात याच इमारतीत बसत होतो. मला या व्यासपीठावर बोलावले, हा शाळेचा लोभ आहे. आयुष्यभर रासायनिक अभियांत्रिकी शिकवलेल्या माणसाला वक्तृत्वाचे अलंकार जमत नाहीत. तेव्हा जे थोडेफार ठाऊक आहे तेच आपल्यापुढे ठेवावे, असे मी ठरवले. द्रव आणि वायू एकाच वाहिनीतून एकत्र जाऊ लागले की जो एक विलक्षण प्रवाह निर्माण होतो, त्याचे गणित हा माझा विषय आहे. विषय रूक्ष वाटेल. पण त्याची सुरुवात सरांच्या तासाला झाली, आणि त्यात माझ्याकडून एक मोठी चूकही झाली. ती चूक सरांच्या हयातीत त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज ते ऋण फेडायचे आहे.

हौद आणि नळ यांची उदाहरणे आपण सर्वांनी सोडवली आहेत. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने चार तासांत. दोन्ही नळ सोडले तर किती वेळ लागेल? एके दिवशी वर्गातल्या एका मुलाने उठून विचारले, "सर, आमच्या वाड्यातला नळ असा वाहतच नाही. आधी नुसती हवा सोडतो, मग भसकन पाणी येते, मग पुन्हा हवा." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरचे सारे पुसले आणि पहिली ओळ नव्याने लिहिली : 'धरले की, नळ एकसारखा वाहतो.' मग म्हणाले, "उत्तर चुकले तर मी दोन गुण कापीन. ही ओळ लिहिली नाही तर सगळे कापीन." त्या दिवसापासून आमच्या वह्यांत प्रत्येक उदाहरणाच्या माथ्यावर 'धरले की' ही ओळ येऊ लागली. आम्हांला तो जाच वाटे.

वाड्यातला तो नळ पुढे माझ्या अभ्यासाचा विषय झाला. पहाटे आजव्याचे पाणी यायच्या वेळी नळ कसा फुसफुसतो, खोकतो आणि मग एकदम बादली उलटी करील इतक्या जोराने पाणी कसे फेकतो, हे वडोदऱ्याच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना सांगायला नको. नळात हवा आणि पाणी दोन्ही असतात, पण ती गुण्यागोविंदाने मिसळून येत नाहीत. पाण्याचा एक गच्च तुकडा, मग हवेचा एक लांबलचक फुगा, मग पुन्हा पाण्याचा तुकडा, अशी त्यांची माळ येते. इंग्रजीत याला 'स्लग फ्लो' म्हणतात. मी मराठीत त्याला लोंढाप्रवाह म्हणतो. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने ज्या नगरीत कलाभवन उघडले आणि तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा प्रयत्न झाला, ज्या राज्याने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश काढला, तेथे एका प्राध्यापकाने एक शब्द सुचवावा, यात धाडस फारसे नाही. शिवाय 'लोंढा' या शब्दात अचानकपणा आहे आणि धोकाही आहे, आणि या प्रवाहात दोन्ही असतात.

घरच्या नळात लोंढा आला तर फार तर धोतर भिजते. तेलक्षेत्रात तसे नसते. विहिरीतून खनिज तेल, वायू आणि पाणी एकत्रच वर येतात. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल सापडले. अशा समुद्रातील क्षेत्रांत विहिरींच्या फलाटांवरून हे मिश्रण तळावरच्या वाहिन्यांतून प्रक्रियेच्या फलाटाकडे नेले जाते. वाटेत त्याचे रूप एकच राहात नाही. वायू आणि द्रव दोन्ही संथ असतील तर द्रव तळाशी आणि वायू वर, असे दोन थर शांतपणे वाहतात. वायूचा वेग वाढला की द्रवावर लाटा उठतात. वायू फारच वेगवान झाला तर द्रव भिंतीला कड्यासारखा चिकटून जातो आणि मधून वायू धावतो. द्रवाचा वेग फार वाढला तर वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने त्यात विखुरतो. या सर्वांच्या मधल्या विस्तृत प्रदेशात लोंढाप्रवाहाचे राज्य असते, आणि पुष्कळशा वाहिन्या नेमक्या याच प्रदेशात चालवाव्या लागतात. म्हणून वाहिनीच्या टोकाला लोंढा झेलण्यासाठी मोठी पात्रे किंवा समांतर नळ्यांची रांग बांधतात. तिला 'स्लग कॅचर' म्हणतात. हजिऱ्याच्या वायुप्रकल्पात अशी व्यवस्था आहे. ती किती मोठी बांधायची, हा कोट्यवधी रुपयांचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर वाहिनी टाकण्यापूर्वी, केवळ गणिताने द्यावे लागते.

लोंढा जन्मतो कसा? आडव्या वाहिनीत खाली द्रव आणि वर वायू आहे असे समजा. द्रवावर एक लहानशी लाट उठली. लाटेच्या माथ्यावर वायूची वाट अरुंद होते, म्हणून तेथे त्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. उतरलेला दाब लाटेला आणखी वर ओढतो; गुरुत्वाकर्षण तिला खाली बसवू पाहते. ओढ जिंकली तर लाट वाढत वाढत वाहिनीच्या छताला टेकते, वायूची वाट बंद होते आणि मागचा वायू त्या द्रवाच्या तुकड्याला बंदुकीतल्या गोळीसारखा पुढे ढकलू लागतो. दोन थरांच्या सीमेवरील या अस्थैर्याचा मूळ विचार हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ साली आणि केल्व्हिन यांनी १८७१ साली मांडला होता. केल्व्हिन यांच्या मनात समुद्र आणि वारा होता. तोच विचार नळीच्या मर्यादित पोकळीला लावून टायटेल आणि डुकलर यांनी १९७६ साली कोणत्या वेगांना कोणता प्रवाह संभवतो, याचा नकाशा केवळ गणिताने काढला. त्याआधी १९५४ पासून बेकर यांचा नकाशा वापरात होता. तो प्रयोगांच्या नोंदींवरून आखलेला होता. टायटेल आणि डुकलर यांच्या नकाशात रेषेमागे कारण होते.

पण लोंढा होईल की नाही, हे कळल्याने काम भागत नाही. तो किती वेगाने येईल, किती लांब असेल, त्यात किती द्रव असेल? उभे राहून पाहणाऱ्याला वाहिनीतले सगळेच क्षणोक्षणी बदलताना दिसते. डुकलर आणि त्यांचे विद्यार्थी हबर्ड यांनी १९७५ साली एक साधी युक्ती केली. त्यांनी काठावर उभे राहणे सोडले आणि ते मनाने लोंढ्याबरोबर चालू लागले. लोंढ्याच्याच वेगाने चालणाऱ्याला लोंढा स्थिर दिसतो. मागे फुगा, त्याखाली द्रवाचा पातळ थर, पुढे दुसऱ्या फुग्याचा थर, सारे चित्र जागच्या जागी थांबते. मग वस्तुमान आणि संवेग यांचा जमाखर्च सरळ मांडता येतो.

त्या जमाखर्चातून एक नवलाची गोष्ट निघते. लोंढा पुढे जातो, पण त्यातला द्रव तोच राहात नाही. आपल्याकडे पालखी निघते तेव्हा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नवी माणसे पुढून सामील होतात आणि तितकीच मागून गळतात. गर्दी तेवढीच दिसते, माणसे मात्र बदललेली असतात. लोंढ्याचेही तसेच आहे. तो पुढच्या संथ थरातील द्रव तोंडाशी गिळतो, त्याला एकदम वेग देतो आणि शेपटाकडून तितकाच द्रव मागे सोडतो. गिळणे आणि सोडणे समान असेल तर त्याची लांबी कायम राहते. गिळणे अधिक झाले तर तो वाढतो. थांबलेल्या द्रवाला दर वेळी नव्याने वेग द्यावा लागतो, म्हणून अशा वाहिनीत दाबही जास्त खर्च होतो.

लोंढ्यामागच्या फुग्याच्या नाकाचा वेग दोन भागांचा असतो. मिश्रणाच्या वेगाला एका गुणकाने गुणायचे आणि त्यात फुग्याचा स्वतःचा वेग मिळवायचा. उभ्या नळीसाठी हे रूप निकलिन, विल्क्स आणि डेव्हिडसन यांनी १९६२ साली दिले. आडव्या आणि तिरप्या नळ्यांसाठी बेन्डिक्सन यांनी १९८४ साली गुणकांचा कसून अभ्यास केला. आडव्या नळीत वेग बेताचा असेल तर गुणक सुमारे १.०५ येतो आणि फुग्याचा स्वतःचा वेग, गुरुत्वीय त्वरण व व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या सुमारे ०.५४ पट असतो.

येथपर्यंत सारे सुंदर आहे. आता समीकरणे मोजा आणि अज्ञात राशी मोजा. अज्ञात राशी जास्त भरतात. डुकलर-हबर्ड प्रतिमानाला दोन गोष्टी बाहेरून आणून द्याव्या लागतात : लोंढ्यात द्रवाचा हिस्सा किती, आणि दर सेकंदाला किती लोंढे येतात. हे आकडे प्रयोगातून येतात. द्रवाच्या हिश्श्यासाठी आम्ही सर्रास वापरलेले सूत्र ग्रेगरी, निकल्सन आणि अझीझ यांचे, १९७८ सालचे. ते अडीच आणि पाच सेंटिमीटरच्या आसपास व्यास असलेल्या नळ्यांत हवा आणि हलके तेल सोडून मिळवलेले होते. लोंढ्याची लांबी व्यासाच्या तीसपट असते, हा आमचा पाठ झालेला नियमही प्रयोगशाळेतल्या लहान नळ्यांचाच. समीकरणे निसर्गाच्या नियमांतून आली असली, तरी त्यांच्या पोटात अशी उसनवारी असते, आणि छापील उत्तरात ती दिसत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. १९८४ साली एका तेलक्षेत्रातील वाहिनीच्या टोकाला किती मोठे पात्र हवे, असा प्रश्न माझ्याकडे आला. मी तेव्हा तरुण प्राध्यापक होतो, हाती नवे प्रतिमान होते आणि संगणकावर कार्यक्रम चालवता येत होता. त्या कामाचे खरे आकडे मी सांगणार नाही. हिशेब कळावा म्हणून सोयीचे घेतो. वाहिनीचा व्यास अर्धा मीटर. द्रव एकटाच संपूर्ण वाहिनी भरून गेला असता तर त्याचा वेग सेकंदाला १ मीटर, वायू एकटाच असता तर ३ मीटर. म्हणजे मिश्रणाचा वेग ४ मीटर. वरच्या नियमाने लोंढा सेकंदाला सुमारे ५.४ मीटर धावतो. ग्रेगरी यांच्या सूत्राने लोंढ्यात सुमारे तीन-चतुर्थांश द्रव. सरासरीने पात्रात सेकंदाला ०.२ घनमीटर द्रव यावा. पण लोंढा बाहेर पडत असताना जवळजवळ ०.५८ घनमीटर, म्हणजे तिप्पट येतो. सरासरीइतका द्रव खालून काढत राहिलो, तरी वरकड साठवावाच लागतो. लोंढा व्यासाच्या तीसपट म्हणजे १५ मीटर असेल तर तो तीन सेकंदांच्या आत संपतो आणि वरकड भरते सुमारे १.१ घनमीटर. तोच लोंढा ३०० मीटरचा असेल तर तो ५५ सेकंद चालतो आणि वरकड होते २१ घनमीटरांहून जास्त. वेग तेच, सूत्रे तीच. एका लांबीच्या गृहीतामुळे पात्र वीसपट बदलते.

मी तीसपटीचा नियम धरला. वाहिनी आडवी धरली. अहवालात दोन्ही गोष्टी कोठेही लिहिल्या नाहीत. मुखपृष्ठ, आलेख, दशांशचिन्हानंतर तीन-तीन स्थळे, सारे होते. 'धरले की' ही ओळ नव्हती.

ती वाहिनी दोन नाले आणि एक ओढा ओलांडत होती. रात्री उत्पादन कमी केले की खोलगट भागांत द्रव साचे. पहाटे पुन्हा वेग वाढवला की तो साचलेला द्रव एकाच लोंढ्यात निघे. एका पहाटे पात्र काठोकाठ भरले, द्रव वायूच्या वाटेने पुढे घुसला आणि कॉम्प्रेसर मोडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मी पाहायला गेलो तेव्हा रात्रपाळीचे एक जुने ऑपरेटर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, लोंढा यायच्या आधी पाइप गुरगुरतो. मी वहीत लिहीत आलो आहे." त्यांनी पाळीची वही उघडली. कित्येक महिन्यांच्या नोंदी त्यात होत्या : पहाटेची वेळ, आवाज, पात्रातली पातळी. अहवाल लिहिण्यापूर्वी ती वही मी मागितली नव्हती.

न वाचलेली दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. अलास्कातील प्रुडो बे तेलक्षेत्रात १२ आणि १६ इंच व्यासाच्या वाहिन्यांवर केलेली मोजमापे ब्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली होती. मोठ्या व्यासाच्या वाहिनीत लोंढे तीसपटीच्या नियमाला जुमानत नाहीत, ते कितीतरी लांब असतात, आणि त्यांची लांबी एकच नसून तिची वाटणी एका बाजूला लांब शेपूट असलेली असते. म्हणजे बहुतेक लोंढे बेताचे आणि थोडे फार मोठे, हे त्यात स्पष्ट होते. तो अंक आमच्या ग्रंथालयात आलेला होता. मी उघडला नव्हता. वाहिनीचा घात सरासरीने होत नाही, शेपटातल्या एखाद्या लोंढ्याने होतो, हे मला कॉम्प्रेसर मोडल्यावर कळले.

चौकशीत ठपका ठेवला गेला तो माझ्या अहवालावर विसंबून पात्र मागवणाऱ्या एका तरुण अभियंत्यावर. माझे नाव कोणी घेतले नाही. प्राध्यापकाचा अहवाल चुकेल, असे कोणाच्या मनात आले नसावे. मी गप्प राहिलो. तीन आठवडे गप्प राहिलो. त्या काळात एकदा सर रस्त्यात भेटले, त्यांनी "काय चालले आहे?" म्हणून विचारले, आणि मी "उत्तम" म्हणालो. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहून कळवले की, दोन गृहीते माझी होती, ती मी लिहिली नव्हती, आणि अभियंत्याकडे ती ओळखण्याचे साधन नव्हते. ठपका मागे घेतला गेला. पण ते तीन आठवडे मला परत घेता आले नाहीत. सरांना मी पुढे अनेकदा भेटलो, हे मात्र बोललो नाही.

तेव्हापासून हे शास्त्र फार पुढे गेले आहे. समुद्रतळावरून फलाटावर चढणाऱ्या उभ्या नळीच्या बुडाशी द्रव साचून वायू कोंडतो आणि मग एकाएकी सारे उसळून वर येते. या भयंकर प्रकाराचे वर्णन योकम यांनी १९७३ साली केले आणि पुढे त्याच्या निकषांवर पुष्कळ काम झाले. माथ्यावरची झडप आवळून किंवा बुडाशी वायू सोडून त्याला आवर घालता येतो. नॉर्वेत ऐंशीच्या दशकात 'ओल्गा' हा संगणक-कार्यक्रम तयार झाला. त्याची कसोटी ट्रॉन्डहाइमजवळच्या प्रयोगशाळेत ८ इंच व्यासाच्या लांब नळीवर घेतली गेली, कारण लहान नळीचे सत्य मोठ्या नळीला तसेच लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. २००३ साली इसा आणि केम्फ यांनी दाखवले की, दोन थरांची समीकरणे पुरेशा बारीक जाळीवर सोडवली तर लाटेतून लोंढा आपोआप उभा राहतो, तो आहे असे आधी धरावे लागत नाही. पण त्यांनाही एक सीमा सांगावी लागली : काही वेगांच्या पलीकडे ती समीकरणेच दुःस्थित होतात, म्हणजे जाळी जितकी बारीक करावी तितके उत्तर स्थिरावण्याऐवजी भरकटते. कोठपर्यंत विश्वास ठेवावा, हे त्यांनी निबंधातच नोंदवले आहे. मला त्या निबंधातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

विद्यार्थिमित्रांनो, आज हे कार्यक्रम घरच्या संगणकावर काही तासांत चालतात आणि रंगीत चित्रे काढतात. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. मीही ते आनंदाने वापरले. पण चित्र जितके देखणे, तितकी 'धरले की' ही ओळ आत खोल जाऊन बसते. ती शोधून बाहेर काढा. सूत्र हाती आले की विचारा, हे कोणत्या नळीत, कोणत्या द्रवावर मोजले? सरासरी सांगितली गेली तर विचारा, शेपूट केवढे? आणि प्रत्यक्ष वाहिनीजवळ रात्र काढणाऱ्या माणसाची वही मागून घ्या. तिच्यात अशुद्ध लेखन असेल, आलेख नसेल. पण ती वाचल्याशिवाय प्रतिमान पुरे होत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती आहे. हौद आणि नळांची उदाहरणे आता अभ्यासक्रमात किती उरली आहेत, मला ठाऊक नाही. पण जेथे असतील तेथे एखादा मुलगा किंवा मुलगी उठून म्हणाली की, आमचा नळ असा वाहत नाही, तर तिला हसू नका. तिने निसर्ग पाहिला आहे. तिला फळ्याजवळ बोलवा आणि पहिली ओळ तिच्याकडूनच लिहून घ्या.

सर, मी त्या वेळी ओळ लिहिली नव्हती. आज, चाळीस वर्षे उशिराने, आपल्याच शाळेत उभा राहून ती लिहीत आहे. गुण कापायचे ते कापा.

 सरांच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.